काय आदळले आणि किती रुतले

हिवाळा लागला की नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक छोटी सूचना छापून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, हैदराबादच्या आपल्या केंद्रातून शास्त्रीय उपकरणे घेऊन जाणारे मोठाले फुगे सोडणार आहे. काम संपले की उपकरणांची पेटी रंगीत पॅराशूटला लटकून खाली येईल. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात, त्यामुळे ती तेलंगण, आंध्र, कर्नाटक किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिवारात उतरू शकते. आपल्याकडच्या जिल्ह्यांच्या यादीत नांदेड, लातूर, परभणी, बीड, सोलापूर ही नावे असतात. पेटी सापडली तर उघडू नये, हलवू नये, तिच्यावरच्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, खर्च आणि बक्षीस मिळेल, असेही त्यात बजावलेले असते. शिवाय एक इशारा असतो: काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते.

पातळ पॉलिथिनचा, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा आणि हायड्रोजनने भरलेला हा फुगा ३० ते ४२ किलोमीटर उंच जातो. प्रवासी विमाने जेमतेम १० ते १२ किलोमीटरवरून उडतात. मग त्याच्याही तिप्पट उंचीवर जाऊन मोजायचे काय असते? आणि त्या पेटीत उच्च दाबाची वीज कशाला लागते? प्रत्येक फुग्याचे काम निराळे असते. कुणी वातावरणाचा अभ्यास करते, कुणी ताऱ्यांकडून येणारे अवरक्त किंवा क्ष-किरण टिपते. पण फुगे सोडण्याची ही परंपरा सुरू झाली ती विश्वकिरणांसाठी. अंतराळातून सतत पृथ्वीवर आदळणारे हे सूक्ष्म कण किती आहेत, कसले आहेत आणि माणसाच्या शरीरात किती ऊर्जा सोडून जातात, हा प्रश्न आता फुग्यापुरता उरलेला नाही. वैमानिक, हवाई सेविका आणि अंतराळवीर यांच्यासोबत प्रवास करू शकतील अशी खिशात मावणारी यंत्रे त्यासाठी तयार झाली आहेत. या यंत्रांविषयी लोकांची समजूत अशी की टिकटिक जास्त झाली म्हणजे धोका जास्त. ती समजूत अपुरी आहे, आणि का अपुरी आहे हे कळले की या यंत्रांची सगळी रचना उलगडते.

वर जावे तसे वाढणारे

विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांना एक गोष्ट छळत होती. विद्युत्दर्शक नावाच्या साध्या उपकरणावर विद्युतभार ठेवला, तर कितीही बंदोबस्त केला तरी तो हळूहळू गळून जाई. काहीतरी आजूबाजूच्या हवेचे अणू फोडून ती विद्युतवाहक करत होते. जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांवर संशय होता. तसे असेल तर उंच गेल्यावर गळती कमी व्हायला हवी. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यात बसून पाच किलोमीटरहून वर गेला. गळती आधी किंचित कमी झाली, मग वाढू लागली आणि शेवटी जमिनीवरच्या दुपटीहून अधिक झाली. म्हणजे कारण खाली नव्हते, वर होते. या शोधाबद्दल हेसला १९३६ चे नोबेल मिळाले.

भारताचा या कथेशी संबंध लवकर आला. १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले आणि बंगळुरू, आग्रा व पेशावर येथून त्यांनी उपकरणे बांधलेले फुगे सोडले. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ विश्वकिरण किती कमी होतात हे त्यांना पाहायचे होते, आणि दक्षिण भारत त्या विषुववृत्ताला लागूनच आहे. त्याच काळात होमी भाभा युद्धामुळे इंग्लंडला परत जाऊ शकले नाहीत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर काम करू लागले. अमेरिकी लष्करी विमानातून गायगर नळ्यांची जुळणी सुमारे नऊ किलोमीटर उंचीवर नेऊन त्यांनी मोजमापे घेतली. आज आपण ज्या उंचीवरून प्रवास करतो, जवळपास तीच ही उंची. १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली तेव्हा विश्वकिरण हा तिच्या पहिल्या विषयांपैकी एक होता, आणि हैदराबादचे फुगे-केंद्र त्याच कामातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले.

हे कण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचे गाभे. दहातला साधारण एक हेलियमचा गाभा असतो आणि शेकड्यात एखादा कार्बन, ऑक्सिजन, लोह अशा जड मूलद्रव्याचा. प्रकाशाच्या जवळपास वेगाने ते येतात आणि हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या गाभ्यांवर आदळतात. त्या टकरीतून नवे कण निघतात, ते पुढे आणखी कणांना जन्म देतात, आणि एका कणापासून हजारोंची सर खाली येते. अशा सरींतला इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांचा भाग कसा वाढत जातो, याचे गणित भाभा आणि त्यांचे सहकारी हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. या दुय्यम कणांची गर्दी साधारण १६ ते २० किलोमीटर उंचीवर सर्वाधिक असते. तिच्याखाली हवा त्यांना गिळत जाते. आपल्या डोक्यावरच्या संपूर्ण हवेचे वजन दहा मीटर उंच पाण्याच्या थराइतके आहे, म्हणून जमिनीवर पोहोचणारा भाग थोडा. १२ किलोमीटरवर उडणाऱ्या विमानाच्या वर त्यातला जेमतेम दोन मीटर पाण्याइतका थर उरतो. ३५ किलोमीटरवरच्या फुग्याच्या वर तर एक टक्काही हवा नसते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. विमानात बसलेल्या माणसाला लागतात ते मुख्यतः दुय्यम कण, आणि त्यांत विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनचा वाटा मोठा. अंतराळवीराला लागतात ते मूळ कण, जड गाभ्यांसह. दोघांसाठी एकच यंत्र तितकेच चांगले काम करील अशी अपेक्षा धरता येत नाही.

मराठवाड्यावरचा चुंबकीय आडोसा

हवेखेरीज पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही आपले रक्षण करते, पण सगळीकडे सारखे नाही. ध्रुवांपाशी चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे कण त्यांना धरून सरळ खाली उतरतो. चुंबकीय विषुववृत्तापाशी त्या रेषा आडव्या असतात आणि वरून येणाऱ्या कणाला त्या ओलांडाव्या लागतात. कमी ऊर्जेचा कण वळून परत फेकला जातो. नांदेड-लातूरच्या आकाशात सरळ वरून उतरायचे तर प्रोटॉनकडे सुमारे १६ ते १७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा हवी. कॅनडाच्या उत्तरेला अशी अट जवळजवळ नाहीच. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या या पट्ट्यात ही अट जगात सर्वांत कडक आहे. म्हणजे एकाच उंचीवर, एकाच दिवशी पाहिले तर मराठवाड्याचे आकाश विश्वकिरणांच्या दृष्टीने पृथ्वीवरच्या सर्वांत सुरक्षित आकाशांपैकी एक ठरते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

आकड्यांत सांगायचे तर ११-१२ किलोमीटर उंचीवर भारताच्या वर ताशी साधारण दोन मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते, ध्रुवीय प्रदेशावर पाच ते सात (हे एकक पुढे समजावले आहे). नांदेडहून पुण्याला जाणारे छोटे विमान तासाभराच्या प्रवासात इतके उंच फार वेळ राहत नाही, त्यामुळे प्रवाशाला मिळणारी मात्रा एखाद्या मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असते. मुंबई-न्यूयॉर्क उड्डाणात पंधरा-सोळा तास जातात आणि त्यातला बराच वेळ उत्तरेकडच्या अक्षांशांवर, त्यामुळे आकडा साठ-सत्तर मायक्रोसीव्हर्टपर्यंत जातो. एअर इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवावरून नेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूपर्यंत तसेच उड्डाण केले. अशा एकाच प्रवासात विमान जगातल्या सर्वांत उघड्या आकाशातून सर्वांत झाकलेल्या आकाशात येते. उंची तीच, विमान तेच, पण ताशी मात्रा तिप्पट बदलते. म्हणून 'विमानात किती रेडिएशन असते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. मार्ग, उंची आणि तारीख सांगावी लागते.

एकाच मिलिमीटरचे दोन पाऊस

टिकटिक मोजणे पुरेसे का नाही, ते आता पाहू. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची फारशी गरज पडू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे झालेली गारपीट आठवा. पर्जन्यमापकात गारा वितळल्या की त्यांचेही मिलिमीटरच होतात. दहा मिलिमीटर भुरभूर पाऊस आणि दहा मिलिमीटर गारा यांची नोंद तलाठ्याच्या वहीत सारखीच दिसेल, पण एकाने हरभरा तरारतो आणि दुसऱ्याने उभा हरभरा झोडपून निघतो. पाणी तेवढेच, ते किती एकवटून आदळले यात सगळा फरक. कणांचेही असेच आहे. गॅमा किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन पेशीतून जाताना ऊर्जा विरळ, दूरदूर सोडतात. डीएनएच्या दुहेरी धाग्याचा एखादा पदर तुटला तर पेशी तो बहुधा जोडून घेते. लोहाचा जड गाभा मात्र आपल्या वाटेवर इतकी दाट ऊर्जा ओततो की एकाच जागी दोन्ही पदर आणि आजूबाजूचे रेणूही तुटतात, आणि ती दुरुस्ती चुकण्याचा संभव फार वाढतो. विद्युतभार नसलेला न्यूट्रॉन स्वतः काही फोडत नाही, पण शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनला धडक देऊन त्याचा गाभा उडवतो, आणि तो प्रोटॉन मग थोड्या अंतरात दाट ऊर्जा सोडतो.

म्हणून शास्त्रज्ञ दोन पायऱ्यांनी मोजतात. एक किलो ऊतीत किती ऊर्जा रुतली, ही पहिली पायरी. तिचे एकक ग्रे. मग त्या ऊर्जेला कणाच्या घातकतेचे वजन द्यायचे: गॅमा आणि इलेक्ट्रॉनला एक, प्रोटॉनला दोन, जड गाभ्यांना वीस, न्यूट्रॉनला त्याच्या ऊर्जेप्रमाणे अडीचपासून विसाच्या आसपासपर्यंत. या गुणाकाराने येते ते सीव्हर्ट. पर्जन्यमापकाशेजारी उभे राहून पाऊस होता की गारा, हे लिहून ठेवणारा माणूस हवा, तसेच हे काम आहे. चांगले डोसिमीटर, म्हणजे मात्रा मोजणारे यंत्र, दोन्ही कामे करते.

स्वस्तात मिळणारा गायगर काउंटर यातले दुसरे काम करू शकत नाही. त्यात वायू भरलेली नळी असते आणि तिच्या मध्यातल्या तारेला काहीशे व्होल्ट दिलेले असतात. कण आत शिरला की वायूचा एखादा अणू फुटतो, सुटलेला इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना आणखी अणू फोडतो आणि क्षणात विजेचा एक झटका तयार होतो. कण हलका असो वा जड, झटका तेवढाच. देगलूर-बिलोलीकडे दख्खनच्या बसाल्टचा पट्टा संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम बसाल्टपेक्षा जास्त असते. लातूरच्या काळ्या बसाल्टवर ठेवलेला गायगर काउंटर देगलूरच्या ग्रॅनाइटवर नेला तर तो अधिक टिकटिकेल, आणि ती नोंद खरीच असेल, कारण तेथे त्याला गॅमाच मोजायचे आहेत. कारखान्यात तो सिझियमसारख्या गॅमा स्रोताशी जुळवलेला असतो. तेच यंत्र विमानात नेले की पडद्यावर आकडा येतो खरा, पण न्यूट्रॉन त्याला जवळजवळ दिसतच नाहीत, आणि विमानाच्या उंचीवर जैविक मात्रेचा साधारण निम्मा भाग त्यांचाच असतो. हौशी प्रवासी असे आकडे टिपतात, ते कुतूहल चांगलेच आहे. त्यावरून मात्रा ठरवणे मात्र चूक.

चौकट : आकडे वाचण्याआधी
एक मिलिसीव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसीव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांपासून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट नैसर्गिक मात्रा मिळते. छातीचा साधा एक्स-रे ०.१ मिलिसीव्हर्टहून कमी, छातीचा सीटी स्कॅन साधारण ५ ते ७. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा मानतात. सामान्य माणसाला अशा कामांमुळे मिळणाऱ्या जादा मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट.

खिशात मावणारी यंत्रे

सर्वांत साधे यंत्र मराठवाड्यातल्या रुग्णालयांतही रोज दिसते. एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा कर्करोगावरच्या रेडिएशन विभागातल्या तंत्रज्ञांच्या छातीवर लावलेला टीएलडी बॅज. भारतात त्यात डिस्प्रोझियमचा किंचित अंश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणोत्सर्गाने स्फटिकातले इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उठतात आणि त्या भेसळीमुळे तयार झालेल्या सापळ्यांत अडकून बसतात. महिने गेले तरी ते तेथेच राहतात. बॅज परत गेला की प्रयोगशाळेत चकती तापवतात. सापळे सुटतात, प्रकाश निघतो आणि तो प्रकाश जितका जास्त तितकी मात्रा जास्त. ना बॅटरी, ना तार, वजन नगण्य. याच तत्त्वावरचे लिथियम फ्लोराइडचे स्फटिक अंतराळवीरांच्या अंगावर दशकानुदशके राहिले आहेत. उणिवा दोन. बॅज बेरीज सांगतो, वेळ सांगत नाही; तीन महिन्यांतली मात्रा रोज थोडी थोडी मिळाली की एका रात्रीत, हे त्याला ठाऊक नसते. आणि जड गाभ्याच्या दाट वाटेवर सापळे लगेच भरून जातात, त्यामुळे जिथे धोका सर्वांत मोठा तिथेच तो कमी मोजतो. ही उणीव भरून काढायला सोबत सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची पट्टी देतात. जड कण तिच्यातून गेला की पाठीमागे सूक्ष्म जखम राहते. अल्कलीच्या द्रावणात बुडवल्यावर तिचा खड्डा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मोजता येतो.

वेळेनुसार नोंद हवी असेल तर सिलिकॉन लागते. नखाएवढ्या, ०.३ मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून कण गेला की सोडलेल्या ऊर्जेच्या दर ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. किती मोकळे झाले यावरून झटक्याची उंची ठरते. यंत्र प्रत्येक झटका उंचीप्रमाणे २५६ खणांपैकी एका खणात टाकते. थोड्या वेळाने कुठल्या खणात किती जमले ते पाहिले की हलक्या कणांची गर्दी आणि जड कणांची मोजकी हजेरी वेगवेगळी दिसू लागते. बल्गेरियात विकसित झालेली ल्युलिन जातीची यंत्रे याच पद्धतीने विमानांत आणि अंतराळ स्थानकावर काम करत आली आहेत. त्याहूनही पुढची पायरी म्हणजे सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत जन्मलेली टाइमपिक्स चिप: दीड सेंटिमीटरहून कमी बाजूच्या चौकोनात २५६ गुणिले २५६ ठिपके, प्रत्येक ठिपका ५५ मायक्रोमीटरचा. तिच्यावर कणाच्या वाटेचे चित्रच उमटते. इलेक्ट्रॉनची वाट बारीक आणि वाकडीतिकडी, म्युऑन या दुय्यम कणाची सरळ रेघ, अल्फा कणाचा गोल ठिपका, आणि जड गाभ्याची जाड पट्टी, जिच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे बारीक फाटे फुटलेले. काय आदळले याचे उत्तर येथे डोळ्यांना दिसते. २०१२ पासून यूएसबी काडीच्या आकाराची अशी यंत्रे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहेत.

तरीही सिलिकॉनमध्ये हायड्रोजन नाही, म्हणून न्यूट्रॉनच्या बाबतीत ते शरीरासारखे वागत नाही. ही अडचण सोडवण्याची रीत मला सर्वांत सुंदर वाटते. शरीरासारखीच रासायनिक घडण असलेल्या प्लास्टिकचा पोकळ गोल करायचा आणि त्यात प्रोपेनसारखा वायू इतक्या कमी दाबाने भरायचा, की काही सेंटिमीटरच्या त्या पोकळीतून जाताना कण जितकी ऊर्जा सोडेल, तितकीच तो खऱ्या ऊतीच्या दोन मायक्रोमीटरमध्ये सोडतो. दोन मायक्रोमीटर म्हणजे पेशीच्या केंद्रकाहूनही लहान माप. न्यूट्रॉन प्लास्टिकच्या भिंतीतल्या हायड्रोजनला धडकतो, प्रोटॉन आत उडतो आणि मोजला जातो, अगदी शरीरात घडेल तसा. या यंत्राला टीईपीसी म्हणतात आणि विमानातल्या मोजमापात त्याचा शब्द बहुधा अखेरचा मानतात. पण एवढ्या विरळ वायूतला क्षीण झटका मोठा करायला उच्च दाबाची वीज लागते, आणि त्यासाठी बंदिस्त गोल, बॅटरी, धक्क्यांपासून बचाव हे सगळे आले. म्हणून ते हातपिशवीएवढे होते, खिशात मावत नाही. फक्त न्यूट्रॉन मोजायचे असतील तर आणखी एक सोपी युक्ती आहे: जेलमध्ये अतितप्त द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकवलेली काचनळी. न्यूट्रॉनची धडक बसली की थेंब उकळून बुडबुडा होतो. उजेडात धरून बुडबुडे मोजायचे. दाब देऊन नळी पुन्हा वापरायची. कॅनडात बनलेल्या अशा नळ्या अंतराळ स्थानकावर वापरल्या आहेत, आणि त्यांना बॅटरीही लागत नाही.

गणिताने भागत नाही का?

येथे एक रास्त आक्षेप येतो. विमानाचा मार्ग, उंची आणि तारीख माहीत असेल तर संगणकाने मात्रा काढता येते. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचा कॅरी हा संगणक-कार्यक्रम तेच करतो. मग यंत्र कशाला वाहायचे? हा आक्षेप अर्ध्याहून अधिक बरोबर आहे. शांत दिवसांत मोजलेले आणि काढलेले आकडे चांगले जुळतात. नांदेड-हैदराबाद किंवा पुणे-दिल्ली अशा देशांतर्गत उड्डाणांत तर यंत्र न्यायची खरोखर गरज नाही, कारण सूर्यावर स्फोट झाला तरी त्यातून सुटणाऱ्या बहुतेक कणांकडे आपल्या आकाशात शिरण्याइतकी ऊर्जा नसते. पण ज्या गणितावर भरवसा ठेवायचा, ते यंत्रांनी तपासल्यामुळेच भरवशाचे झाले आहे. आणि उत्तरेकडे चित्र वेगळे. २३ फेब्रुवारी १९५६ चा सौर उद्रेक किंवा अलीकडे ११ मे २०२४ चा, अशा वेळी वेगवान सौर कण जमिनीवरच्या उपकरणांनाही जाणवतात, ध्रुवीय मार्गांवर मात्रा काही तासांपुरती वाढते, आणि किती वाढली याचे गणित बव्हंशी नंतर होते. त्या वेळी विमानात असलेले यंत्र तेव्हाच सांगते.

अंतराळात गणित आणखी मागे पडते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ श्रीहरिकोटाहून निघाले, तेव्हा त्यावर रॅडॉम नावाचे बल्गेरियाचे यंत्र होते, ल्युलिन जातीचेच, पावशेराहून हलके. उड्डाणानंतर सुमारे दोन तासांतच ते सुरू झाले. पृथ्वीभोवती अडकलेल्या कणांचे पट्टे ओलांडताना मात्रा किती चढते आणि चंद्राच्या कक्षेत ती किती खाली स्थिरावते, याची सलग नोंद त्याने केली. भारताच्या यानातून भविष्यात माणूस तितक्या दूर जाणार असेल तर त्याला कसल्या आकाशातून जावे लागेल, याची ती प्रत्यक्ष मापे आहेत. त्याच्याही अलीकडे, पृथ्वीच्या जवळ फिरणारे अंतराळ स्थानक दिवसाला साधारण अर्धा मिलिसीव्हर्ट मात्रा देते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला तेथे १८ दिवस होते. ढोबळ हिशेबाने ती मात्रा नऊ-दहा मिलिसीव्हर्ट होते, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास चार वर्षांची. आणि ही मात्रा दिवसभर सारखी येत नाही. दक्षिण अटलांटिकवर ब्राझीलच्या आसपास चुंबकीय क्षेत्र दुबळे आहे. स्थानक त्यातून काही मिनिटे जाते आणि तेवढ्यात दिवसाच्या मात्रेचा मोठा हिस्सा जमा होतो. कोणत्या मिनिटाला किती, हे कळल्याशिवाय अंतराळवीराला यानाच्या कुठल्या कोपऱ्यात थांबायचे ते ठरवता येत नाही. ऑगस्ट १९७२ चा प्रचंड सौर उद्रेक अपोलो १६ आणि अपोलो १७ यांच्या मधल्या काळात झाला. चंद्रावर त्या वेळी कुणी चालत नव्हते, हा निव्वळ योगायोग.

एवढ्याशा मात्रेसाठी?

दुसरा आक्षेप असा की हे आकडे फार लहान आहेत, मग लोकांना कशाला घाबरवायचे. प्रवाशांपुरते हे बरोबर आहे आणि ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. लातूरचे आईवडील अमेरिकेतल्या मुलीकडे वर्षाकाठी एकदा जाऊन आले, तर त्यांना साधारण ०.१३ मिलिसीव्हर्ट मिळते. वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेच्या तुलनेत ते किरकोळ आहे आणि एका सीटी स्कॅनच्या कितीतरी खाली. त्यासाठी कुणी प्रवास टाळू नये. पण वैमानिक आणि हवाई कर्मचारी वर्षाला शेकडो तास त्याच आकाशात काढतात. लांब पल्ल्याच्या मार्गांवर त्यांची मात्रा वर्षाला दोन ते पाच मिलिसीव्हर्टपर्यंत जाते. छातीवर टीएलडी बॅज लावणाऱ्या अनेक तंत्रज्ञांच्या वार्षिक मात्रेपेक्षा हे जास्त आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० मध्येच विमान कर्मचाऱ्यांची ही मात्रा कामाशी संबंधित मानावी असे सुचवले, आणि युरोपीय संघात २००० पासून तिचा हिशेब ठेवणे विमान कंपन्यांवर बंधनकारक आहे. एक्स-रे तंत्रज्ञाच्या मिलिसीव्हर्टची नोंद ठेवायची आणि वैमानिकाच्या ठेवायची नाही, याला शास्त्रात आधार नाही.

माणसांखेरीज विमानांतल्या संगणकांच्या बाबतीतही हे कण दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए-३२० मालिकेतल्या हजारो विमानांचे संगणक दुरुस्त करायला सांगितले, कारण तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण-नियंत्रणातली माहिती बिघडू शकते असे एका घटनेच्या तपासात दिसून आले होते. भारतातल्या कंपन्यांच्या विमानांनाही ते करावे लागले.

प्रत्येक कर्मचाऱ्याला टाइमपिक्स द्या, असे माझे म्हणणे नाही. त्याची गरजही नाही. देशांतर्गत मार्गांसाठी गणित पुरे. उत्तर अमेरिका आणि युरोपकडे जाणाऱ्या काही ठरावीक विमानांत एकेक सिलिकॉन यंत्र कायम बसवावे, अधूनमधून शेजारी टीईपीसी नेऊन त्याची जुळणी तपासावी, आणि त्या मोजमापांनी सुधारलेले गणित प्रत्येकाच्या उड्डाणांच्या वेळापत्रकाला लावून त्याच्या नावावर मात्रा जमा करावी. हे सगळे आज जमण्यासारखे आहे. याची सर्वांत जास्त गरज आहे ती गरोदर हवाई सेविकेला आणि महिला वैमानिकाला. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीप्रमाणे गर्भ राहिल्याचे कळवल्यापासून बाळाला मिळणारी जादा मात्रा १ मिलिसीव्हर्टच्या आसपासच राहायला हवी. मुंबई-न्यूयॉर्क आणि परत, अशा सात-आठ फेऱ्यांत तो आकडा गाठला जातो, आणि आपली ही कितवी फेरी आहे हे तिला विमानात चढण्याआधी कळले पाहिजे.